सभा थांबवायची की चालू ठेवायची? बेळगाव सीमाभागातील ख्रिस्ती मंडळ्यांची पार्श्वभूमी

बायबलच्या नव्या करारातले ‘इब्री लोकांस पत्र’ ज्यांच्यासाठी लिहिले गेले, त्यांनी सुरुवातीचा छळ धीराने सोसला होता. मालमत्ता लुटली गेली तरी ती माणसे डगमगली नाहीत. पुढे मात्र तीच थकली, काहींनी सभेला येणे सोडले. दहाव्या अध्यायात एकत्र जमणे सोडू नका असे बजावले आहे ते म्हणूनच, आणि बाराव्यात लोंबणाऱ्या हातांचा व लटपटणाऱ्या गुडघ्यांचा विषय निघतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत हे दोन अध्याय हल्ली का काढले जातात, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

बेळगावात लंडनच्या मिशनने १८२० मध्ये काम सुरू केले. मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान ज्याच्या पुस्तकाला दिला जातो, तो लेखक बाबा पदमनजी १८३१ साली याच गावात जन्मला आणि १८५४ मध्ये इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा बाप्तिस्मा घेणारा बहुधा घरादाराला आणि जातीला मुकत असे. १९०४ मध्ये हे काम अमेरिकन मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेले. कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला. तीन वर्षांनी राज्य पुनर्रचना आली, बेळगाव आजच्या कर्नाटकात गेले आणि तिथला मराठी ख्रिस्ती माणूस धर्मानेही अल्पसंख्य, भाषेनेही अल्पसंख्य ठरला.

खरी कसोटी २०२१ च्या डिसेंबरात लागली. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात भरणार होते आणि धर्मांतरबंदीचे विधेयक त्यातच येणार होते. त्याआधी नोव्हेंबरात शहरातली एक प्रार्थनासभा जमावाने अडवली. अधिवेशन संपेपर्यंत सभा घेऊ नका, असे पोलिसांनी पाळकांना, म्हणजे मंडळ्यांच्या धर्मगुरूंना, सांगितल्याच्या बातम्या आल्या. ती लेखी बंदी नव्हती, सल्ला होता. पण तो धुडकावून उद्या काही झाले तर जबाबदार कोण, हे प्रत्येकाला कळत होते.

यावरून मंडळ्यांत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती समुदायांत, दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की भाड्याच्या हॉलात किंवा घरात जमणाऱ्यांना मालक आणि शेजारी यांना तोंड द्यावे लागते. लेकरेबाळे घेऊन येणाऱ्या बायकांना संकटात घालायचा पाळकाला काय अधिकार? दुसरी बाजू म्हणे, संविधानाच्या २५ व्या कलमाने दिलेला धर्मस्वातंत्र्याचा हक्क तोंडी सूचनेवर सोडला तर तो परत मागायचा कुणाकडे? काही ठिकाणी सभा बंद झाल्या. काही ठिकाणी दोन-तीन कुटुंबे मिळून बसू लागली. चपला दाराबाहेर न ठेवता आत घ्यायच्या, ढोलकी न काढता गाणी हळू आवाजात म्हणायची.

थांबणाऱ्यांना भित्रे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र त्या काळात घरोघरी जाऊन आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत राहिलेल्या बायकांचे मोल कुठल्याच चर्चेत झाले नाही, आणि मंडळी टिकली ती मोठ्या भागाने त्यांच्यामुळे.

विधेयक २३ डिसेंबरला बेळगावातच विधानसभेत मंजूर झाले. मे २०२२ मध्ये अध्यादेश निघाला, सप्टेंबरात कायदा झाला. धर्म बदलण्याआधी ३० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे, आणि महिला, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचे बेकायदा धर्मांतर केल्याचे सिद्ध झाले तर ३ ते १० वर्षे कैद, अशी त्यात तरतूद होती. सरकार बदलल्यावर जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. पण बंद पडलेली प्रत्येक सभा त्यामुळे पुन्हा भरू लागली असे नाही. दीड वर्षात माणसे पांगतात. कुणी कामासाठी पुण्याला जातो, कुणाची सवयच मोडते.

कायद्याहून जुने एक ओझे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे दलित घरातला मुलगा कॉलेजचा अर्ज भरायला बसला की श्रद्धा आणि जातीचा दाखला यांतले एक निवडायची वेळ येते. आईबाप चर्चला जातात आणि कागदावर जुनाच धर्म असतो, अशा घरांना दोन्हीकडून बोल लागतो. हा प्रश्न तपासायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोग नेमला. त्याला दोन वर्षांची मुदत होती, ती पुढे वाढवावी लागली.