कमानीचं सोंग

दिल्लीला मेहरौलीत गेलेला माणूस आधी मान मागे टाकून कुतुबमिनार बघतो. मग लोखंडी खांबाभोवती एक चक्कर मारतो, ‘हा गंजत कसा नाही?’ हा प्रश्न विचारतो, फोटो काढतो आणि वळतो. त्या खांबाच्या मागेच एक दगडी भिंत उभी आहे. तिच्यात पाच टोकदार कमानी आहेत, मधली सर्वांत मोठी. माझ्या मते त्या आवारातली सगळ्यात गमतीची गोष्ट तीच, कारण त्या कमानी नाहीतच. दिसतात कमानीसारख्या, एवढंच.

कुव्वत-उल-इस्लाम मशिदीची ही पडदाभिंत, म्हणजे नमाजाच्या दालनापुढचा दगडी पडदा. दिल्ली हाती आल्यावर ११९२ च्या सुमारास कुतुबुद्दीन ऐबकनं मशीद बांधायला घेतली. सत्तावीस देवळांचं सामान वापरल्याचं पूर्वेच्या दरवाज्यावरचा लेखच सांगतो. ओवऱ्यांमधल्या खांबांवर घंटा आणि साखळ्यांचं कोरीवकाम आजही दिसतं. छत उंच हवं म्हणून एका खांबावर दुसरा खांब चढवलाय. खांब, वर आडवी तुळई, तिच्यावर फरशा, अशी सगळी देवळाचीच रीत. नव्या राज्यकर्त्यांच्या मनातली मशीद मात्र कमानींची होती, म्हणून ११९९ च्या सुमारास अंगणाच्या पश्चिमेला ही भिंत उभी राहिली. हुकूम नव्या राज्यकर्त्यांचा, छिन्नी इथल्या पाथरवटांची. कुराणातल्या ओळींच्या शेजारी त्यांनी वेली कोरल्या त्या अगदी देवळातल्या हातानं.

आता दगडांचे सांधे बघा. खऱ्या कमानीत दगड पाचरीसारखे तासलेले असतात आणि सांधे पंख्याच्या काड्यांसारखे तिरपे पसरतात. इथे सांधे थेट वरपर्यंत आडवेच आहेत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढलाय, दोन्ही बाजू वर जाऊन भेटल्यात आणि पुढे आलेल्या कडा तासून गोलाई आणलीय. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात मंडपात उभं राहून वर पाहिलं, तर घुमटी याच रीतीनं आत आत सरकत गेलेली दिसते. पाथरवटांना जे पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, त्यातच त्यांनी नवी मागणी बसवली.

या रीतीची मर्यादा घरच्या टेबलावर कळते. एकाच मापाच्या वह्या टेबलाच्या कडेवर रचायच्या आणि प्रत्येक वही खालचीपेक्षा पुढे सरकवायची. सर्वांत वरची वही अर्ध्या लांबीनं पुढे जाऊ शकते, तिच्याखालची पाव लांबीनं, मग एक षष्ठांश, मग एक अष्टमांश. बेरीज केली तर चौथ्या वहीला वरची वही टेबलाबाहेर अख्खी तरंगते. (हे कागदावर. मला सहा वह्या लागल्या आणि चहाचा कप थोडक्यात वाचला.) पण दोन लांबी बाहेर जायला ३१ वह्या लागतात आणि तीन लांबीला तब्बल २२७! भिंतीत दगडाच्या मागच्या टोकावर वरच्या बांधकामाचं वजन बसतं, त्यामुळे पाथरवटाचं काम वह्यांपेक्षा सोपं. तरी सूत्र तेच: थोडं पुढे जायचं तर खूप वर जावं लागतं. मधली कमान सुमारे १६ मीटर उंच आणि जेमतेम साडेसहा मीटर रुंद का, ते यातून उमगतं.

दगड दाबाला पक्का असतो आणि ताणाला कच्चा. पुढे आलेल्या दगडावर भार पडला की तो वाकू पाहतो, त्याच्या वरच्या अंगाला ताण बसतो आणि तिथे तडा जातो. पाचरींच्या कमानीत ही भानगडच नाही. वरून भार आला की पाचरी एकमेकींना आवळतात, म्हणजे सगळा दाबच. मात्र त्याची किंमत असते. भार खाली जाता जाता दोन्ही बाजूंना रेटा देतो, आणि तो अडवायला बाजूला काहीतरी भक्कम लागतं. शेवटचा दगड बसेपर्यंत सगळं लाकडी सांगाड्यावर पेलायचं, शिवाय चांगला चुना हवा. बाजूंचा रेटा तर कधीच थांबत नाही, म्हणून भारतीय गवंडी ‘कमान कधी झोपत नाही’ म्हणतात, असं जेम्स फर्ग्युसननं नोंदवून ठेवलंय. (हा वास्तू-अभ्यासक. पुण्याच्या कॉलेजला ज्याचं नाव आहे तो गव्हर्नर वेगळा.)

म्हणजे खरी कमान इथे कुणाला ठाऊकच नव्हती का? तसंही नाही. कानपूरजवळ भीतरगावच्या गुप्तकालीन विटांच्या देवळात ती आहे. दगडात काम करणाऱ्यांना तिची गरज वाटली नाही, एवढंच म्हणता येईल.

मशिदीच्या मागेच इल्तुतमिशची कबर आहे, १२३५ च्या आसपासची. चौरस खोलीवर गोल घुमट चढवायचा म्हणून कोपरे कमानींनी भरले, पण त्याही आडव्या थरांच्याच. आज वर मोकळं आकाश आहे. घुमट होता आणि तो कोसळला, असं मानतात. दिल्लीतली पहिली खरी कमान म्हणून दाखवतात ती थोड्या अंतरावर, १२८७ मध्ये वारलेल्या बल्बनच्या कबरीत. ओबडधोबड बांधकाम, नक्षीचं नाव नाही, छपरही गेलेलं, पण पाचरी जागच्या जागी.

आणि मग १३११ चा अलाई दरवाजा. अलाउद्दीन खलजीनं मशिदीला जोडलेलं हे दक्षिणेचं प्रवेशद्वार. घोड्याच्या नालाच्या वळणाच्या खऱ्या कमानी, त्यांच्या आतल्या कडेला दगडी कमळकळ्यांची झालर आणि वर खरा घुमट. मंगोलांच्या धाडींमुळे पश्चिमेकडचे कारागीर दिल्लीत आले आणि त्यांच्याबरोबर हे कसब आलं, असं बरेच इतिहासकार मानतात. पडदाभिंतीपासून इथवर चालत दोन-चार मिनिटं लागतात; बांधणाऱ्यांना शंभरावर वर्षं लागली.

दरवाज्यातून आत शिरताना पावलं मोजा. भिंत तीन मीटरहून जाड आहे, चार-पाच पावलं तिच्या पोटातूनच टाकावी लागतात. कमानींचा आणि घुमटाचा रेटा सातशे वर्षं त्या जाडीनंच अंगावर घेतलाय.