मोटर जळण्याआधी जॉइंट बघा

जळालेली पाण्याची मोटर भरायला (आतली तार नव्याने गुंडाळायला) आणणारा जवळजवळ प्रत्येक भाऊ व्होल्टेजला शिव्या घालतो. व्होल्टेजचा काहीच दोष नाही असं आम्हीही म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी मोटरीसोबत केबलचं टोकही आणा. टेप सोडली की बऱ्याचदा आत पांढरी भुकटी निघते. ते झिजलेलं ॲल्युमिनियम.

स्टार्टरपर्यंत ॲल्युमिनियमची केबल, पुढे तांब्याची. दोन्ही पिळून टेप गुंडाळली, झालं काम! ओल लागली की त्या पिळात बॅटरीसारखा छोटा सेलच तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, तांबं शाबूत राहतं. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झाल्यावर जास्त आकसतं, आणि पीळ सैल पडतो. सैल जॉइंट तापतो, तीनपैकी एक फेज जातो, मोटर घुं घुं करत बसते, जळते. यासाठी बायमेटलिक लग (केबलच्या टोकाला बसवायचे दोन धातूंचे जोड) मिळतात: एका अंगाला ॲल्युमिनियम, दुसऱ्या अंगाला तांबं. ते पक्कडीने चेपू नका, वायरमनकडून क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या.

पाइपातही तेच. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) निपलवर, म्हणजे आटे पाडलेल्या पाइपाच्या छोट्या तुकड्यावर, थेट पितळी व्हॉल्व्ह बसवला आणि बोअरचं पाणी खारट असलं, की आधी निपलचं जस्त जातं, मग लोखंड. आटे गळू लागतात. मध्ये प्लॅस्टिकचा जोड टाका. मात्र पाइपलाच अर्थिंग जोडलं असेल तर ते आधी वेगळं काढून घ्या, नाहीतर प्लॅस्टिकपाशी तुटेल.

फवारणीवाल्यांनो, मोरचूद (कॉपर सल्फेट) लोखंडी किंवा जीआय पिंपात भिजवू नका. त्यातलं तांबं पिंपाला चिकटतं, पिंपाचा धातू पाण्यात उतरतो. पिंप भोकं पडून जातं आणि औषधाचा जोरही. एक टक्का बोर्डोसाठी (बुरशीवरचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण) १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात. तयार मिश्रणात घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस झाला तर चुना कमी आहे.

ड्रिप धुण्याचं ॲसिडही जीआय बादलीत ओतू नका. हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेतो. जवळ बिडी नको. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि ब्लीचिंग पावडरशेजारी ते ठेवूच नका, दोन्ही मिसळले तर क्लोरीनचा विषारी वायू होतो.

लग घ्यायला येताना दोन्ही केबलींचा वीतभर तुकडा आणा. अंदाजाने साइज देत नाही.