गोव्यातला संध्याकाळचा तेर्स, त्याच्यामागची गोष्ट

मी मूळची वसईची, लग्न होऊन गोव्यात साष्टीत आले (वसईच्या खाडीपलीकडे पण एक साष्टी आहे, ती वेगळी). आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला सासूबाईंनी हाक मारली, "तेर्साक यो गो बाय", आणि मला तेर्स म्हणजे काय तेच कळेना. आल्तारासमोर (घरातल्या देव्हाऱ्यासमोर) जाऊन बघते तर आपलीच रोजरी, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हणायची मारियेची प्रार्थना, फक्त 'नमो मारिये' च्या जागी 'नमान मारिये'. पण प्रार्थना संपल्यावर जे झालं ते मी आधी कुठे बघितलं नव्हतं. घरातले लहान एकेक करून मोठ्यांपुढे हात जोडून उभे राहिले आणि बेसांव मागायला लागले, म्हणजे आशीर्वाद. त्याच दुपारी धाकट्या दिराचं आणि सासूबाईंचं पैशावरून जोरात वाजलं होतं, जेवायला पण दोघं एकत्र बसले नव्हते, तरी तो गेला, मान खाली घालून म्हणाला "मांय, बेसांव दी", आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवला. भांडण मिटलं असं नाही, दुसऱ्या दिवशी परत निघालंच, पण ती रात्र अबोल्यात गेली नाही.

तेव्हापासून मला हे कुठून आलं ते जाणून घ्यायचं होतं, कारण गोव्यातला ख्रिस्ती धर्म म्हटलं की लोकांना जुनं गोवं, सायबाचं, म्हणजे फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त आणि पांढरी चर्चेस एवढंच दिसतं, आणि माणूस रोज थोडाथोडा घडतो तो घरात, हे राहूनच जातं.

तेर्स हा शब्द पोर्तुगीज तेर्सूवरून आलाय, अर्थ तिसरा हिस्सा. पूर्ण रोजरी म्हणजे पूर्वी 150 वेळा नमान मारिये, बायबलमधल्या 150 स्तोत्रांच्या हिशोबाने, म्हणजे ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची ती स्तोत्रं. रोज 150 कोण म्हणणार, घरात चूल असते, पोरं असतात, म्हणून तिसरा हिस्सा, 50. पोप पायस पाचवे यांनी 1569 मध्ये ही पद्धत पक्की केली, 15 रहस्यं, म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातले मनात आणायचे प्रसंग, पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच वाढवली. मला यात आवडतं ते हे की दुःखाचे वार ठरलेले आहेत, मंगळवार आणि शुक्रवार. तुमच्या घरी त्या दिवशी वाढदिवस असो नाहीतर लॉटरी लागलेली असो, येशूच्या घामाची आणि क्रुसाची आठवण काढायचीच, आणि सोमवारी घरात कितीही टेन्शन असलं तरी आनंदाची रहस्यं म्हणायची.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवं घेतलं आणि फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 ला इथे उतरले. ते रस्त्याने घंटा वाजवत जायचे, पोरं आणि गुलाम गोळा करायचे आणि प्रार्थना गाऊन शिकवायचे. म्हणजे प्रार्थना घरात शिरली ती पोरांच्या तोंडून, आणि आजही आमच्याकडे पहिलं दशक, म्हणजे पहिले दहा नमान मारिये, पोरांनाच सांगायला लावतात.

पण ही सगळी गोडीगुलाबीची गोष्ट नाही आणि ते मी लपवणार नाही. साष्टी, बार्देस, तिसवाडीत देवळं पाडली गेली, लोक देव घेऊन नदीपलीकडे अंत्रुजात (फोंड्याकडे) गेले, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला तो तसाच, आणि 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते 1774 नंतरची मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत राहिलं. 1736 च्या हुकुमात तर नव्या ख्रिस्ती लोकांनी दारात तुळस लावायची नाही इथपर्यंत बारीक नजर होती. तुळस गेली तरी दारासमोर दिवा लावायची सवय जाणार कशी, तिथे खुरीस (क्रूस) उभा राहिला आणि मेणबत्ती लागली. भीतीतून आलेल्या लोकांनी हा धर्म पुढे स्वतःचा केला, सुखदुःखात वापरून वापरून केला, आणि माझ्यासाठी याहून मोठी गोष्ट दुसरी नाही.

यात मराठीचा पण वाटा आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट (येशूसंघाचा पाद्री) 1579 मध्ये गोव्यात आला आणि बरीच वर्षं साष्टीतच राहिला. लोकांची जुनी पुराणं तर काढून घेतलेली, मग त्यांनी विचारलं की आम्हाला त्यांच्या जागी वाचायला काय? म्हणून स्टीफन्सने ओवीमध्ये ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूची गोष्ट, लिहिलं, जवळजवळ 11,000 ओव्या, 1616 मध्ये राशोलला छापलं, देवनागरी खिळे नसल्याने रोमन लिपीत. आम्ही वसईवाले मराठीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकणारे, त्यामुळे मला ते जास्तच जवळचं वाटतं. पुढे 1684 मध्ये सरकारने लोकांची भाषाच बंद करायचा हुकूम काढला, तरी घरात बोलायची भाषा ती राहिलीच.

संकटात तेर्स कसा उपयोगी पडतो ते सांगायला गोव्याचे पाद्री जुझे वाझ यांच्याइतकं चांगलं नाव नाही. बाणावलीत 1651 मध्ये जन्म, वडिलांचं गाव सांकवाळ. तिथेच 1677 मध्ये त्यांनी मारियेचा गुलाम म्हणून स्वतःला लिहून दिलं. श्रीलंकेत डच लोकांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती, पाद्री उरले नव्हते, तिथे हे 1687 मध्ये हमालाच्या वेशात गेले. कोण ख्रिस्ती आहे कसं ओळखायचं? तर गळ्यात रोजरी घालून दारोदार भीक मागायचे आणि कोणाची नजर त्या माळेवर थांबते ते बघायचे. कँडीत हेर समजून पकडलं, तुरुंगात टाकलं. पुढे 1697 मध्ये देवीची साथ आली तेव्हा घरचे लोक पण टाकून पळाले अशा रोग्यांची सेवा त्यांनी केली. 1711 मध्ये तिथेच गेले, आणि 14 जानेवारी 2015 ला कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत जाहीर केलं. चमत्कारांच्या गोष्टी पुष्कळ आहेत, मला मात्र ती भिकाऱ्याच्या गळ्यातली माळच आठवते.

नंतर जेझुइटांना 1759 मध्ये घालवलं, 1835 मध्ये तर बाकीचे संघ पण बंद झाले, मठ ओस पडले. तेव्हा श्रद्धा टिकली ती गावचे गोंयकार पाद्री, कोंफ्रारी (चर्चची गावकरी मंडळं) आणि घरचा आल्तार यांच्यावर. मग पोटासाठी माणसं बाहेर पडायला लागली, मुंबईला, आफ्रिकेला, बोटीवर. मुंबईत धोबीतलावला गावागावाच्या कूडी झाल्या, एकेका खोलीत ट्रंका ठेवून राहणारे खलाशी, आचारी, वाजंत्री, आणि नियम एकच पक्का, संध्याकाळी सगळ्यांनी तेर्साला हजर राहायचं. दारू, जुगार, एकटेपणा, घरच्या पत्राची वाट, नोकरी मिळेपर्यंतचे रिकामे महिने, या सगळ्यात तो अर्धा तास माणसाला धरून ठेवायचा.

लदीन, म्हणजे मारियेच्या नावांची गायची प्रार्थना, लॅटिनमध्ये व्हायची, व्हायोलिनवर, खुरसाकडे, नंतर उकडलेले चणे आणि पेग. 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा कोकणीत आली आणि लोकांना काय म्हणतोय ते नीट कळायला लागलं. सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, वाड्यावर घरोघर फिरते ती रीत अजून आहे, ती घरी यायच्या आधी भांडलेल्या शेजाऱ्याकडे जाऊन बोलायचं अशी आमच्या वाड्यावर समजूत आहे, आणि लोक खरंच जातात, मी बघितलंय. पेडण्याच्या एक वहिनी आमच्या शेजारी राहतात, मराठी शाळेत शिकवायच्या, त्या पण सायबिणीला फुलं घेऊन येतात.

माझा नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. 2020 मध्ये बोट बंद पडली, पगार थांबला, हप्ते थांबले नाहीत, आणि मी तेव्हा देवाशी सुद्धा नीट बोलत नव्हते, फक्त मणी सरकवायचे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, आज मन लागत नसेल तर आमच्या आवाजाबरोबर म्हण, उद्या लागेल. खूप दिवस लागलंच नाही. मग एका शुक्रवारी दुःखाची रहस्यं म्हणताना गेथसेमनीचं, म्हणजे येशू पकडला जायच्या आधी बागेत प्रार्थना करतो त्याचं, पहिलं दशक माझ्याकडे आलं आणि मी ते रडत रडत पूर्ण केलं, त्यानंतर बँकेच्या फोनला घाबरणं कमी झालं, हप्ते तेवढेच होते.

आता तो परत बोटीवर आहे. रेंज असली की साडेआठला व्हिडिओ कॉल लागतो, दोन दशकं होईपर्यंत लाईन दोनदा कट होते, आणि शेवटी फोन सासूबाईंच्या समोर धरायचा असतो, कारण बेसांव घेतल्याशिवाय तो फोन ठेवत नाही.