हाइन्ट्स-वोल्फगांग श्नाउफर

हाइन्ट्स-वोल्फगांग श्नाउफर (१९२२-१९५०) हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन नाइट फायटर पायलट, म्हणजे रात्री शत्रूची बॉम्बर विमानं गाठून पाडणारा, रात्रीच्या लढाईत १२१ विमानं पाडल्याची नोंद त्याच्या नावावर आहे आणि एवढा आकडा दुसऱ्या कुठल्याच नाइट फायटर पायलटचा नाही. जन्म वुर्टेमबर्गमधल्या काल्व गावचा. नोव्हेंबर १९४१ मध्ये तो नाइट फायटर युनिटमध्ये आला, पहिलं विमान पाडलं ते जून १९४२ मध्ये बेल्जियमवर, एक हॅलिफॅक्स, म्हणजे ब्रिटिश बॉम्बर.

पण १२१ चा हा आकडा एकट्याचा धरू नये असं मला ठामपणे वाटतं. त्याच्या मेसरश्मिट ११० विमानात रेडिओ आणि रडार सांभाळायला फ्रिट्स रुम्पेलहार्ट असायचा, नंतर गनर म्हणून विल्हेल्म गेन्स्लर आला ज्याची अंधारातली नजर फार तेज होती, आणि नाइट्स क्रॉस हा जर्मन शौर्याचा सन्मान तिघांनाही मिळाला. काम चालायचं ते असं की जमिनीवरचा कंट्रोलर रडार बघून विमानाला बॉम्बरच्या जवळ न्यायचा, मग विमानातलं रडार, आणि शेवटी डोळ्यांनी शोधायचं. हल्ला शक्यतो खालून, कारण ब्रिटिश बॉम्बरला बहुतेक वेळा पोटाखाली गनच नसायची. नंतर तर वर तिरक्या रोखलेल्या तोफा आल्या, त्यामुळे थेट खाली जाऊन पंखातल्या पेट्रोलच्या टाक्यांवर मारता यायचं, पोटात मारलं तर बॉम्ब फुटून स्वतःचंच विमान जायची भीती. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गवर ब्रिटिशांनी धातूच्या पट्ट्या टाकून जर्मन रडार आंधळी केली, मग जर्मनांना नवीन रडार आणि नवीन पद्धत दोन्ही आणावं लागलं.

ऑक्टोबर १९४४ मध्ये १०० चा टप्पा ओलांडल्यावर त्याला नाइट्स क्रॉसचा हिऱ्यांचा सन्मान मिळाला, नाइट फायटरमध्ये हा फक्त त्याला आणि हेल्मुट लेंटला. २१ फेब्रुवारी १९४५ ला पहाटे दोन आणि रात्री १९ मिनिटांत सात अशी नऊ लँकेस्टर बॉम्बर विमानं त्याने पाडली. एका लँकेस्टरमध्ये साधारण सात माणसं असायची, बरीचशी विशीतली पोरं, आणि ब्रिटिश बॉम्बर कमांडचे युद्धात ५५ हजारांहून जास्त लोक गेले, हे बाजूला ठेवून ही कारकीर्द वाचताच येत नाही.

मे १९४५ मध्ये तो ब्रिटिशांच्या कैदेत गेला. सुटल्यावर घरचा वाइनचा धंदा सांभाळला, जुलै १९५० मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याच्या गाडीची ट्रकशी धडक झाली आणि दोन दिवसांनी तो वारला. विजयांच्या खुणा रंगवलेले त्याच्या विमानाच्या शेपटीचे उभे भाग लंडनच्या आणि कॅनबेराच्या युद्धसंग्रहालयांत आहेत.