एक यंत्र, दोन उद्दिष्टे: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

यंत्र एकच, कामे अनेक, आणि एका वेळी एकच काम हाती घेता येते. आधी कुठले घ्यायचे? गुंता सुरू होतो तो ‘चांगला क्रम’ कशाला म्हणायचे हे ठरवताना.

१९५५ मध्ये जे. आर. जॅक्सन यांनी दाखवले की ज्याची मुदत आधी, ते काम आधी घेतले तर सर्वांत जास्त रखडलेल्या कामाचा उशीर कमीत कमी राहतो. पुढच्याच वर्षी डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी दुसरा नियम मांडला: लहान काम आधी घ्या, म्हणजे सगळी कामे पूर्ण होण्याच्या वेळांची बेरीज किमान होते. शेजारच्या दोन कामांची अदलाबदल करून पाहिली की दोन्ही नियम पटतात. पण या दोघांचे एकमेकांशी क्वचितच जमते.

तीन कामे घेऊ. ‘क’ला १ तास लागतो, मुदत १० वा तास. ‘ख’ला ३ तास, मुदत ९. ‘ग’ला ६ तास, मुदत ६. स्मिथच्या नियमाने क-ख-ग असा क्रम लागतो. बेरीज १५, पण ‘ग’ला ४ तास उशीर. जॅक्सनच्या नियमाने ग-ख-क. उशीर शून्य, बेरीज मात्र २५. आता क-ग-ख पाहा: बेरीज १८ आणि उशीर फक्त १ तास. एका तासाची सवलत दिली आणि बेरीज सात तासांनी उतरली! उरलेले तिन्ही क्रम या तीनपैकी एखाद्यापुढे दोन्ही बाबतींत फिके पडतात किंवा एकात बरोबरीला येऊन दुसऱ्यात हरतात. मागे उरतात त्या अशा तडजोडी, की एका बाबतीत सुधारणा हवी तर दुसरीत सोसावेच लागते. अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांच्या नावाने या तडजोडी ‘पॅरेटो बिंदू’ म्हणून ओळखल्या जातात.

क-ग-ख हा मधला बिंदू सापडतो कसा, याची किल्ली स्मिथच्या १९५६ च्याच लेखात होती, आणि मला ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. क्रम शेवटाकडून लावायचा. शेवटच्या जागी बसूनही जी कामे मुदतीत संपतील, त्यांतले सर्वांत मोठे तिथे ठेवायचे. मग त्याच्या आधीची जागा, असे करत पुढे यायचे. वरच्या उदाहरणात प्रत्येक मुदत एका तासाने वाढवून हे करून पाहा, क-ग-ख हाच क्रम निघतो. कामांना कमीजास्त महत्त्व, म्हणजे वजन दिले, की मात्र ही युक्ती टिकत नाही. तो प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे कामे वाढली तरी झटपट अचूक उत्तर देणारी रीत त्यासाठी आजवर कुणाला सापडलेली नाही, हे लेन्स्ट्रा, रिनॉय कान आणि ब्रुकर यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले.

स्मिथसाठी मुदत ही न मोडणारी अट होती. ती अट हळूहळू आवळत गेले तर सगळ्या तडजोडी एकामागून एक हाती येतात, हे व्हॅन वासेनहोव्ह आणि गेल्डर्स यांनी १९८० मध्ये वापरून दाखवले. शंका एवढीच होती की असे बिंदू अफाट संख्येने निघाले तर? १९९५ मध्ये होगेव्हीन आणि व्हॅन डी वेल्डे यांनी ती मिटवली. कामांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीपलीकडे बिंदूंची संख्या जात नाही, त्यामुळे संपूर्ण यादी बहुपदी वेळात, म्हणजे कामे वाढली तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, काढता येते. हे नशीब प्रत्येक उद्दिष्टाच्या वाट्याला येत नाही. सर्व कामांच्या उशिरांची बेरीज किमान करणे हे एकटेच उद्दिष्ट एनपी-हार्ड आहे, असे डू आणि लिउंग यांनी १९९० मध्येच दाखवले होते.

दरम्यान, ऐन वेळी माल पुरवण्याची पद्धत रुजली तसे लवकर संपलेले कामही खर्चाचे ठरू लागले, आणि उशिराबरोबर घाईलाही दंड लावणारी गणिते आली.

२००० नंतर प्रश्नाला नवे वळण मिळाले: कामे दोन वेगळ्या मालकांची असली तर? एग्नेटिस आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या लेखात याचे उत्तर चकित करणारे आहे. दोन्ही मालकांच्या कामे पूर्ण होण्याच्या वेळांच्या बेरजा एकत्र मिळवून किमान करायच्या, तर लहान काम आधी हा नियम पुरतो. पण एकाच्या बेरजेवर मर्यादा घालून दुसऱ्याची किमान करायची म्हटले, की तोच प्रश्न एनपी-हार्ड होतो.