पाणी ओसरायला वेळ लागतो

भाकरी थापता थापता माझ्या धाकट्या बहिणीनं फोनकडे पाहिलं. मैत्रिणीला पाठवलेल्या मेसेजवर दोन निळ्या खुणा होत्या, उत्तर नव्हतं. ती रडायला लागली. बाबा म्हणाले, "एवढ्याला काय रडूलालीस?" पुढच्या क्षणी पिठाची परात मोरीत जाऊन आदळली. तिचे हात थरथरत होते, मान लालबुंद झाली होती. तासाभरानं तिनंच सांडलेलं पीठ पुसून काढलं आणि मला विचारलं, "मी अशी का रे?"

आमच्या बेळगावच्या वडगावात याला ‘तिरसटपणा’ म्हणतात, ‘नाटकं’ही म्हणतात. एखादी म्हातारी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला येते. मानसशास्त्र म्हणतं, भावनांचं नियमन बिघडलंय, म्हणजे उसळलेली भावना आवरणं जमत नाही. हा स्वतंत्र आजार नाही. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आणि नाती सतत डळमळणं), एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा), बायपोलर (मनाचे टोकाचे चढउतार), ऑटिझम, मोठ्या आघातानंतरचा पीटीएसडी, डोक्याला झालेली दुखापत, अशा बऱ्याच ठिकाणी हे दिसतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी अशा माणसांत तीन गोष्टी टिपल्या. भावना लवकर चेतते, फार जोरात चेतते आणि शांत व्हायला फार वेळ घेते. पहिल्या दोन सगळ्यांना दिसतात. घरात भांडणं होतात ती तिसरी न कळल्यामुळे, असं माझं मत आहे. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातलं भात पाण्याखाली जातं. पाऊस थांबतो, ऊन पडतं, तरी शेतातलं पाणी हटत नाही. त्यात दुसरी सर आली तर थोड्या पावसानंही बांध फुटतो. बहिणीचं तसंच होतं. आमच्या लेखी विषय संपलेला असतो, तिच्या अंगात पाणी तुंबलेलंच असतं, आणि तेवढ्यात कुणीतरी विचारतं, "झालं का आता?"

शरीरात घडतं ते असं. मेंदूत खोलवर बदामाएवढा अमिग्डाला असतो. धोक्याची चाहूल लागली की तो इशारा देतो, अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, मागोमाग कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे कपाळामागचा मेंदूचा भाग, त्याला आवर घालतो, पण ताण फार चढला की त्याचीच पकड सुटते. म्हणून त्या घटकेला समजावलेलं डोक्यात शिरत नाही. जागरणानं हे आणखी बिघडतं. परात आदळली त्याआधी दोन रात्री बहीण झोपली नव्हती, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

मग घरच्यांनी काय करायचं? आधी तिला जे वाटतंय ते खरं आहे हे कबूल करायचं. 2011 साली शेंक आणि फ्रुझेटी या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अवघड गणितं करायला दिली. काहींना "असं वाटणं साहजिक आहे" अशा अर्थाचं बोलले, काहींचं वाटणं उडवून लावलं. ज्यांचं उडवून लावलं त्यांची अस्वस्थता आणि हृदयाचे ठोके जास्त वाढले. आई आता म्हणते, "लई लागलं न्हवं तुला?" मैत्रीण चुकली की बहीण, हा निवाडा ती तिथं करतच नाही. परात फेकलेली तिला चालत नाही, पण ते ती दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगते आणि त्यावर ठाम राहते.

त्या घटकेला शब्दांनी समजावण्यापेक्षा आधी शरीर शांत केलेलं बरं. श्वास हळू आणि लांब सोडला की हृदयाची गती उतरते. चेहऱ्यावर गार पाण्याचा हबका मारूनही ठोके मंदावतात, मात्र हृदयाचा त्रास असलेल्यांनी ते करू नये.

"मला जगायचं नाही" असं कुणी म्हणालं तर ते नाटक समजू नका. "जीव द्यावा असं मनात येतंय का?" असं सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. आमच्याकडच्या शेतकरी घरांत फवारणीचं औषध सर्रास माळ्यावर नाहीतर दाराआड असतं. ते आजच कुलपात घाला. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. जीव द्यावासा वाटण्याचा तो आवेग काही वेळानं उतरतो, तोवर हाताशी विष नसावं.

उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीची, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणाऱ्या उपचाराची, पहिली चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपण स्वतः याच यातनेत रुग्णालयात होतो, हे त्यांनी 2011 साली जाहीरपणे सांगितलं. ते वाचून बहिणीनं फोन खाली ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. बेळगावहून धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतून आणि कन्नडमधूनही.

भाषेचं मुद्दाम लिहितोय. 2007 साली मॅथ्यू लिबरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या गटानं दाखवलं की भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डालाची हालचाल कमी होते. बहीण दिवसभर दुकानात कन्नड बोलते, छान बोलते. पण डॉक्टरांनी कन्नडमध्ये काय वाटतं विचारलं तेव्हा तिच्या तोंडून फक्त ‘सिट्टु’ निघालं, म्हणजे राग. मराठीत बोल म्हटल्यावर ती थांबली, म्हणाली, "राग न्हाई. धास्ती. मला सोडून जातील म्हणून." आम्ही वर्षानुवर्षं तिच्या रागाशी भांडत होतो.

तेव्हापासून फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. तगमग, घालमेल, हुरहूर, ओशाळणं, धास्ती, असे शब्द त्यावर बहिणीच्या अक्षरात आहेत. परवा संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, बोलली काहीच नाही, ‘घालमेल’वर बोट ठेवून उभी राहिली. बाबांनी टीव्ही बंद केला आणि तिच्यासाठी पाट सरकवला.