खुलासा: लिंक केलेलं ड्रॉइंग आपोआप बदलतं का?

‘ऑटोकॅडचं ड्रॉइंग रेव्हिटमध्ये एकदा आणलं की मूळ फाईलमधला प्रत्येक बदल लगेच इथेही दिसतो,’ असं लातूर-नांदेडकडच्या अनेक ऑफिसांत सांगितलं जातं. (ऑटोकॅडमध्ये नकाशा काढतात, रेव्हिटमध्ये इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करतात.) यातला थोडा भाग खरा आहे, म्हणूनच हा समज टिकून आहे.

रेव्हिटमध्ये ड्रॉइंग दोन प्रकारे आणता येतं. ‘इम्पोर्ट’ केलेलं ड्रॉइंग मूळ फाईलपासून तुटतं. ते कधीच बदलत नाही. ‘लिंक’ केलेलं बदलतं, पण प्रोजेक्ट उघडताना. प्रोजेक्ट उघडाच असेल तर रेव्हिटच्या ‘मॅनेज लिंक्स’मध्ये जाऊन, ‘कॅड फॉरमॅट्स’मधली फाईल निवडून रीलोड करावं लागतं, म्हणजे ती पुन्हा वाचायला लावावी लागते.

तपासणं सोपं आहे. रेव्हिटमधला प्रोजेक्ट उघडा ठेवून डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडच्या मूळ फाईलमध्ये) एक मोठं वर्तुळ काढून सेव्ह करा. रेव्हिटमध्ये ते दिसणार नाही. रीलोड केल्यावर दिसेल. तरीही दिसलं नाही तर ड्रॉइंग निवडून बघा. वर एक्स्प्लोडचा (ड्रॉइंग सुटं करण्याचा) पर्याय आला, तर ते इम्पोर्ट आहे.

खरी गडबड नावात होते. सर्व्हेअर प्लॉटचा सुधारित नकाशा ‘प्लॉट_फायनल_२’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि तो डाउनलोड्समध्ये पडून राहतो. लिंक मात्र जुन्याच नावाची, जुन्याच फोल्डरमधली फाईल वाचते. कितीही रीलोड करा, जुनीच हद्द दिसणार आणि कॉलम त्याच हद्दीवर बसणार! अशा वेळी ‘रीलोड फ्रॉम’ वापरून नवी फाईल दाखवा. त्यातून जागा सहसा टिकते. पण सर्व्हेअरने नकाशा मूळ बिंदूपासून हलवला असेल तर सरकते. म्हणून दर वेळी प्लॉटची एक माहीत असलेली बाजू आणि एक कोपरा मोजून बघाच.